जलाशयांच्या काठचे चढ

पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेले आहे, मुळशीच्या जलाशयाची भरल्या वेळची पातळी सुमारे ६०० मीटर आहे, पवनेची त्याहून किंचित अधिक, आणि लोणावळे सव्वासहाशे मीटरांच्या आसपास; तेव्हा नकाशा पुढ्यात घेऊन हे आकडे वाचणाऱ्या नवख्या सायकलस्वाराने, या चार ठिकाणांना जोडणारा मार्ग थोड्याफार फरकाने सपाटच असणार, असा ग्रह करून घेतला तर त्यात त्याचा फारसा दोष नाही. प्रत्यक्षात मात्र पौड, मुळशी, ताम्हिणी, निवे, भांबर्डे, आंबवणे, लोणावळे, पवनानगर, तिकोना पेठ, जवण आणि कोळवण अशा क्रमाने फिरून पुन्हा पौडास येणारा हा फेरा पुणे ते पुणे धरल्यास दीडशे किलोमीटरांच्या वर जातो, आणि त्यात एकंदर चढाव्या लागणाऱ्या चढांची बेरीज हजार मीटरांचा आकडा केव्हाच ओलांडून पुढे जाते. आरंभ आणि अखेर एका उंचीवर, वाटेतील सारे पाणीही जवळजवळ त्याच उंचीवर, तरीही मधला रस्ता पायांची अशी कठोर परीक्षा घेतो, याचे कारण सह्याद्रीच्या घडणीत आहे आणि काही अंशी माणसाच्या करणीतही आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्ह्याचा हा प्रदेश पश्चिमेकडे कोकणात एकदम तुटतो, पूर्वेकडे मात्र सावकाश उतरत जातो. कड्याच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या नद्या समुद्र डोळ्यांसमोर असतानाही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस वाहतात, आणि त्यांच्या दरम्यान मुख्य रांगेपासून फुटलेल्या डोंगरांच्या सोंडा उभ्या राहतात. दोन सोंडांमधील खोरे म्हणजे मावळ. पौड मावळ, पवन मावळ, कोरबारसे मावळ ही नावे शिवकालापासून कागदपत्रांत चालत आलेली आहेत, आणि या मुलखातून सायकलीने जाणाऱ्याला आजही त्यांचाच हिशेब करावा लागतो. कारण एका मावळातून, नदीच्या अंगाने, वर किंवा खाली जाणे सोपे, परंतु एका मावळातून दुसऱ्यात जायचे तर मधली सोंड ओलांडणे भाग, आणि सोंड ओलांडायची तर खिंड चढणे भाग. तळ्यांच्या पातळ्या सांगणारा नकाशा खिंडींविषयी मौन पाळतो.

हे झाले निसर्गाचे. माणसाची करणी अशी, की या मुलखात दिसणाऱ्या विस्तीर्ण सरोवरांपैकी एकही नैसर्गिक नाही. ज्या सखल तळातून पूर्वी नदीकाठाने गाडीवाट जात होती, भाताची खाचरे आणि गावे होती, तो तळच धरणांनी पाण्याखाली गेला, आणि रस्त्याला डोंगराच्या कुशीत वर सरकावे लागले. डोंगराच्या कुशीतला रस्ता सरळ जाऊ शकत नाही. प्रत्येक ओढ्यापाशी तो आत वळून मोरीपर्यंत खाली येतो, आणि ओढा ओलांडताच पुढच्या उंचवट्याला वळसा घालण्यासाठी पुन्हा वर चढतो. मुळशीच्या दक्षिण काठाने ताम्हिणीकडे निघालेला स्वार उजव्या हाताला निश्चल, समपातळीचे पाणी पाहत असतो आणि त्याच्या पायांखालचा रस्ता मात्र क्षणभरही समपातळीवर राहत नाही.

या चढउतारांत मुरलेला स्वार आणि नवखा स्वार यांतील भेद मोरीपाशी स्पष्ट दिसतो. नवखा उताराच्या वेगात मोठ्या गिअरवर मोरीपर्यंत येतो, वळणाच्या आड चढ लपलेला असतो, वेग चार-सहा पेडलांत ओसरतो, आणि मग भार पडलेल्या चेनवर घाईने गिअर बदलताना मागच्या चक्रावर कर्कश आवाज होऊन चेन अडते किंवा उतरते. मुरलेला स्वार मोरी दिसताच, पायांवर अजून भार नसताना, दोन-तीन गिअर हलके करून ठेवतो, ब्रेक वळणात न दाबता वळणाआधीच दाबून सोडतो, आणि चढ लागेल तेव्हा त्याचे पाय आधीच्याच लयीत फिरत असतात. हे कसब शहरातल्या सपाट रस्त्यावर साधत नाही; ते अशा काठांवरच साधते, आणि माझ्या मते या मार्गाचे पहिले मोल हेच आहे.

दुसरे मोल इतिहासाचे आहे. मुळशीचे पाणी पाहून मुग्ध होणाऱ्याने त्या पाण्याखाली काय गेले हे जाणून घेतले पाहिजे. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटांच्या कंपनीने येथे धरण बांधावयास घेतले आणि सरकारने त्यासाठी कायद्याने जमिनी ताब्यात देण्याचे धोरण धरले, तेव्हा मुळशी पेट्यातील मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह आरंभला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे धुरीण. याच लढ्याने बापट महाराष्ट्राचे सेनापती झाले, आणि त्यापायी त्यांनी दीर्घ कारावास भोगला. धरणांनी विस्थापित होणाऱ्यांच्या जगातील अगदी आरंभीच्या संघटित लढ्यांत याची गणना होते. लढा हरला, धरण पुरे झाले, गावे उठली. रस्त्याकडेच्या वस्त्यांत आज जी माणसे भेटतात, त्यांपैकी कित्येकांच्या आजे-पणज्यांची शेते समोरच्या पाण्याच्या तळाशी आहेत, हे ध्यानी असलेला प्रवासी त्या काठावर निराळ्या अदबीने वागेल, अशी माझी श्रद्धा आहे.

निव्यापासून उत्तरेस पिंपरी आणि भांबर्ड्याकडे जाणारा रस्ता हा या साऱ्या फेऱ्याचा गाभा होय. येथे डावीकडे कुंडलिकेची दरी थेट कोकणात कोसळते आणि उजवीकडे मुळशीच्या जलाशयाची शेपटे पसरलेली असतात. मधला कणा इतका अरुंद, की एका अंगाला पडलेला पाऊस अरबी समुद्रास मिळावा आणि दुसऱ्या अंगाचा मुळा, भीमा, कृष्णा असा सारा द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरास. निसर्गाची ही वाटणी धरणाने मोडली. याच कण्याच्या पोटातून बोगदा काढून पूर्वेचे पाणी पश्चिमेस वळविले आहे, आणि ते सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील वीजघराच्या चक्रांवर पडून पुढे कुंडलिकेतून समुद्राकडे जाते.

ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेलेल्या आणि परतीला तोच घाट चढणाऱ्या स्वाराला हा पाचशे मीटरांचा हिशेब उलट दिशेने भरावा लागतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८० किलो वजन धरले, तर तेवढ्या उंचीसाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३९० किलोज्यूल काम होते. पण शरीर अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचवीत असल्याने, प्रत्यक्षात पौणेचारशे किलोकॅलरी, म्हणजे दोन-तीन भाकरींचा ऐवज, खर्ची पडतो. शंभरास सात या प्रमाणाचा चढ ताशी ८ किलोमीटर वेगाने चढताना निव्वळ उंची मिळविण्यासाठी १२० वॉटच्या आसपास शक्ती सतत लावावी लागते. सुदृढ माणसाला हे अशक्य नाही, मात्र त्याला हलका गिअर हवा. पुढे ३४ दात्यांचे आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांचे चक्र असेल तर घाट बसल्या बैठकीला चढता येतो. शर्यतीच्या जड गिअरांचा येथे अट्टाहास धरणाऱ्याचे गुडघे पवनेपर्यंत पोहोचण्याआधीच तक्रार करू लागतात.

भांबर्ड्यापुढे घनगड, तैलबैल्याच्या जुळ्या भिंती आणि कोरीगड यांच्या सोबतीने रस्ता आंबवण्यावरून लोणावळ्यास येतो. लोणावळ्यात रेंगाळण्याचे कारण नाही. औंढोलीवरून दुधिवरे खिंड चढली, की पवन मावळ एकदम उघडते: खाली जलाशय, भोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना. उन्हाळ्यात पाणी आटू लागले म्हणजे वाघेश्वराचे प्राचीन देऊळ, जे एरवी बुडालेले असते, ते पुन्हा जमिनीवर येते. तिकोना पेठेतून जवण, कोळवणमार्गे पौडास आले की वर्तुळ पुरे झाले.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यातील ताम्हिणीचे सौंदर्य कोणी नाकारणार नाही, पण पुण्याच्या कित्येक पट पाऊस तेथे कोसळतो, धुक्यात समोरची मोटार दिसत नाही, मोऱ्यांवर शेवाळ धरते, आणि सुट्टीच्या दिवशी धबधब्यांपाशी वाहनांची जी गर्दी लोटते तीतून उताराला सायकल नेणे धोक्याचे आहे. दुपारनंतर वारा बहुधा कोकणाकडून येतो. यास्तव पहाटे निघून पश्चिमेचा पल्ला आधी उरकावा, म्हणजे परतीला वारा पाठीशी राहतो. निवे ते आंबवणे या टप्प्यात दुकाने विरळ आणि फोनची रेंज बेभरवशाची, म्हणून पाण्याच्या दोन बाटल्या, दोन जादा ट्यूब आणि पंप यांवाचून त्यात शिरू नये. पोहण्यासाठी जलाशयात उतरण्याचा मोह तर निक्षून आवरावा. काठ वरून उथळ भासतात, आतली जमीन मात्र बुडालेल्या डोंगरउताराची आहे, आणि ती एका पावलात खोल जाते.

ज्यांनी घाट कधी चढलेला नाही, त्यांनी पहिल्या खेपेस साऱ्या फेऱ्याचा संकल्प करू नये. पौडापर्यंत जाऊन चहा घ्यावा, मुळशीच्या काठाने जमेल तितके पुढे जावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. त्या मोऱ्यांवरचे चढउतार न थांबता पार होऊ लागले, म्हणजे निव्याचा रस्ता धरण्यास हरकत नाही.