कर्करोग : आईवडिलांचा उपचार कोठें करावा ?

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें विलायतेंत निवर्तल्या. त्या काळीं असा रोगी श्रीमंताच्या घरचा असला तर बोटीनें परदेशीं जाई, आणि गरिबाच्या घरचा असला तर बहुधा अंथरुणावरच राही. पुढें दहा वर्षांनीं, २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं, सर दोराबजींच्या विश्वस्तनिधीच्या द्रव्यानें मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें.

आज परिस्थिति पालटली आहे. मुंबई, पुणें, नागपूर, छत्रपति संभाजीनगर या शहरांत कर्करोगाचीं रुग्णालयें आहेत; इतकेंच नव्हे, तर बार्शीसारख्या तालुक्याच्या गांवींहि नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय चालतें. पूर्वीं 'न्यावें तरी कोठें' हें दुःख होतें. आतां 'यांपैकीं कोठें न्यावें' हा पेंच आहे. आणि हा पेंच बहुधा भीतीच्या भरांत, दोन-चार दिवसांत, तोहि मुलांनीं सोडवावयाचा असतो.

सोलापूरच्या एखाद्या घराची कल्पना करावी. वडील ७२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. घास गिळतांना अडकूं लागला म्हणून दुर्बिणीनें तपासणी झाली आणि अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. थोरला मुलगा मुंबईस नोकरीला, तो म्हणतो, "अण्णांना उद्यांच इकडे घेऊन या." धाकटा वडिलांपाशीं राहतो, मुंबईच्या दोन खोल्यांत आजारी माणसाचे हाल होतील, असें त्याला वाटतें. मुलगी अमेरिकेंत, ती तिकडच्या रुग्णालयांचीं नांवें सांगते. तिघांचीहि माया खरी आहे, आणि तिघेंहि एकच प्रश्न विचारीत आहेत : सर्वांत चांगलें रुग्णालय कोणतें ?

या प्रश्नाला उत्तर मिळत नाहीं, कारण तो अपुरा आहे. कर्करोगाच्या उपचारांत चार-पांच निरनिराळीं कामें असतात, आणि प्रत्येक कामाला योग्य अशी जागा निराळी असूं शकते. म्हणून कोणतें काम कोठें करावें, असें विचारलें म्हणजे वाट दिसूं लागते.

पहिलें काम निदानाचें आणि उपचाराचा क्रम ठरविण्याचें. येथें चूक झाली तर पुढचें सारें चुकतें. शस्त्रक्रिया करणारा, किरणोपचार करणारा आणि औषधें देणारा असे तिन्ही तज्ज्ञ एकत्र बसून कागद पाहतात, त्या बैठकीस ट्यूमर बोर्ड म्हणतात. आपल्या रोग्याचा विचार अशा बैठकींत झाला कीं नाहीं, हें घरच्यांनीं अवश्य विचारावें. तपासणीसाठीं काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यांत जतन केलेला असतो. तो ठोकळा व काचपट्ट्या मागून घेऊन दुसऱ्या अनुभवी केंद्राकडे पाठवितां येतात. म्हणजे दुसरें मत घेण्यासाठीं रोग्याला प्रत्येक वेळीं हलवावेंच लागतें असें नाहीं. २०१२ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्यें आज देशांतील तीनशेंहून अधिक केंद्रें व संस्था आहेत. सर्वत्र एकाच धोरणानें उपचार व्हावे, यासाठीं तिनें समान मार्गदर्शिका केल्या आहेत.

दुसरें काम शस्त्रक्रियेचें. येथें मात्र अंतराचा विचार मागें ठेवावा. २००२ सालीं अमेरिकेंतील वृद्ध रोग्यांच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अन्ननलिका काढण्याची शस्त्रक्रिया जेथें फार क्वचित् होत असे, तेथें शेंकडा सुमारें २० रोगी दगावले. जेथें ती वारंवार होत असे, तेथें शेंकडा सुमारें ८. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेंत हेच आंकडे सुमारें १६ आणि ४ असे होते. सर्जनचा हात सरावलेला असावा लागतोच. पण त्याबरोबर भूल देणारे, अतिदक्षता विभागांतील परिचारिका आणि रात्रपाळीचे डॉक्टर यांनाहि अशा रोग्याचें बिघडतें कोठें, हें अनुभवानें ठाऊक असावें लागतें. म्हणून "ही शस्त्रक्रिया येथें वर्षाला किती वेळां होते ?" हा प्रश्न विचारण्यास संकोच बाळगूं नये. मोठी आणि क्वचित् होणारी शस्त्रक्रिया असेल, तर दूरचा प्रवास सार्थकीं लागतो.

तिसरें काम किरणोपचाराचें. त्याचा हिशेब नेमका उलट आहे. अन्ननलिकेच्या रोगांत शस्त्रक्रियेपूर्वीं किरण द्यावयाचे असतील, तर आठवड्यांतून पांच दिवस असे साधारण पांच आठवडे जावें लागतें. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगांत सहा-सात आठवडे लागतात. यंत्राखालीं निजावयाचें तें कांहीं मिनिटेंच. खरा शीण जाण्यायेण्याचा. शिवाय मध्येंच दिवस चुकले तर उरलेल्या रोगपेशींना पुन्हां वाढण्यास अवसर मिळतो. म्हणून योग्य यंत्र आणि जाणते तज्ज्ञ असलेलें जवळचें केंद्र हेंच येथें हिताचें. सोलापूरहून बार्शी सुमारें सत्तर किलोमीटर आहे. रोजचा तेवढा प्रवासहि वृद्धाला जड जाईल. पण तेथें पांच दिवस खोली घेऊन शनिवार-रविवार घरीं येणें जमूं शकतें. मुंबईच्या चारशें किलोमीटरांना हें साधणार नाहीं. मात्र किरण एकीकडे आणि शस्त्रक्रिया दुसरीकडे असेल, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांनीं आरंभींच एकमेकांशीं बोलून तारखा व मात्रा ठरविल्या पाहिजेत. ही गांठ घालून देणें हें घरच्यांचें महत्त्वाचें काम आहे.

चौथें काम औषधांचें. केमोथेरपी सुरू असतां, विशेषतः मात्रा दिल्यानंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळीं १००.४ अंशांपर्यंत ताप चढला तरी तें संकट समजावें. ताबडतोब, रात्रीं दोन वाजतां देखील, रुग्णालय गांठून प्रतिजैविकें सुरू करावीं लागतात. त्या रात्रीं परळचें नांव उपयोगी पडत नाहीं. घरापासून अर्ध्या तासावरचें, रोग्याचे कागद आधींच पाहिलेलें रुग्णालय उपयोगी पडतें. तें कोणतें, हें पहिल्या मात्रेपूर्वींच ठरलेलें असावें.

परदेशाचा मोहहि याच कसोटीवर तपासावा. विशिष्ट उपचार येथें मिळतच नसेल, तर गोष्ट निराळी. एरव्हीं जो उपचार येथें मिळतो, त्यासाठीं वृद्ध माणसाला परक्या भाषेंत व परक्या हवेंत महिनोन् महिने ठेवण्यानें काय साधेल, याचा विचार व्हावा. दूर असलेल्या मुलीनें कागदपत्रें नीट लावणें, शंका लिहून काढणें आणि खर्चाचा भार उचलणें, यांतहि मोठी सेवा आहे.

खर्चाचें बोलणें आजाऱ्याच्या उशाशीं नको असलें, तरी तें टाळूं नये. आयुष्मान भारत योजनेंतून कुटुंबाला वर्षाकांठीं पांच लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो, आणि २०२४ सालापासून सत्तर वर्षें व त्यावरील सर्वांना उत्पन्न न पाहतां तिचा लाभ आहे. पण तो योजनेंत सामील असलेल्या रुग्णालयांतच. म्हणून रुग्णालय निवडण्यापूर्वींच ही चौकशी करावी. मुंबईस राहण्यासाठीं दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा व परळचें नाना पालकर स्मृति समितीचें रुग्णसेवा सदन हे रोग्यांचे जुने आधार आहेत. उपचारासाठीं रेल्वेच्या भाड्यांतहि सवलत मिळते.

पांचवें काम वेदना शमविण्याचें. तें अखेरचें मानण्याची चूक सर्रास होते. २०१० सालीं अमेरिकेंत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावर झालेल्या अभ्यासांत, ज्या रोग्यांना आरंभापासून उपशामक सेवा मिळाली त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेलेच, पण त्यांचें आयुष्यहि सरासरीनें सुमारें पावणेतीन महिन्यांनीं अधिक निघालें. तेव्हां निवडलेल्या ठिकाणीं वेदनाशमनाचा विभाग आहे कीं नाहीं, हें पहिल्याच भेटींत विचारावें. रोग आटोक्याबाहेर गेला, तर १९८६ सालीं वांद्र्यास सुरू झालेल्या शांति आवेदना सदनासारख्या जागाहि आहेत. आणि योग्य औषधें हाताशीं असलीं तर पुष्कळांना आपलें घरच बरें वाटतें.

हें सर्व जमवीत असतां एका माणसाला विचारावयाचें राहून जातें. सोलापूरच्या त्या घरांत तिन्ही मुलें फोनवर वाद घालीत असतात आणि अण्णा पलीकडच्या खोलींत सारें ऐकत असतात. त्यांच्या कानीं रोगाचें नांव जाऊं नये, म्हणून आवाज खालीं येतो. पण चाळीस वर्षें वर्ग सांभाळलेल्या माणसाला कुजबुजीचा अर्थ कळतो. थोरल्यानें त्यांच्यापाशीं बसून सरळ म्हणावें, "अण्णा, रोग असा आहे, उपाय असे आहेत. तुमच्या मनांत काय आहे ?" कदाचित् ते म्हणतील, "शस्त्रक्रियेला मुंबईस येतों, पण बाकीचें इथल्या इथें करा. तुमच्या आईला एकटी ठेवूं नका." कदाचित् ते शस्त्रक्रियाच नको म्हणतील, आणि डॉक्टरांशीं बोलून त्याचाहि विचार करावा लागेल. वय, शरीराची ताकद आणि मनाची तयारी हीं तिन्ही पाहूनच जाणते डॉक्टर उपचाराचा बेत आंखतात. त्यांपैकीं तिसरी गोष्ट कोणत्याहि तपासणींत दिसत नाहीं. ती रोग्यालाच विचारावी लागते. मग रुग्णालयांची यादी हातीं घ्यावी.