भेंडीचं माहेर

नवी सून गल्लीत आली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘माहेर कुठलं गं?’ बियाण्याला मात्र हा प्रश्न आपण विचारत नाही. पुडीवरचं नाव वाचलं की झालं! मी परसात दरवर्षी भेंडीचे दोन वाफे लावते. आठवडी बाजारात सुटं बी विकणाऱ्या मावशींना सहज विचारलं, ‘कोणती भेंडी आहे?’

‘परभणी क्रांती हाय की ताई. आपल्या गावचीच.’

‘पण बी आणलं कुठून?’

मावशी हसल्या. ‘आता ते काय लिव्हून ठिवलंय व्हय?’

खरं तर लिहून ठेवलंय, मैत्रिणींनो. आणि ती हकिगत मोठी वाचण्यासारखी आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत देशभर ‘पुसा सावनी’ या भेंडीचं राज्य होतं. ‘पुसा’ हे बिहारमधलं गाव. १९३४ च्या भूकंपात तिथल्या कृषी संशोधन संस्थेची इमारत पडली, संस्था १९३६ मध्ये दिल्लीला आली. पण माहेरचं नाव तिनं सोडलं नाही. तिथे बंगालकडून आलेल्या एका वाणाचा ‘पुसा मखमली’शी संकर करून सावनी तयार झाली. सुरुवातीला तिच्यावर हळद्या, म्हणजे पिवळ्या शिरांचा रोग, फारसा येत नसे. पुढे तीही बळी पडू लागली. हा रोग विषाणूचा. पांढरी माशी तो झाडाझाडावर पोचवते. पानं पिवळी, भेंड्या पिवळट आणि राठ, आणि एकदा आला की त्यावर औषध नाही.

तेव्हा आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी रानाकडे पाहिलं. १९७२ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ; २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथे पुसा सावनीचा संकर ‘एबेलमॉस्कस मॅनिहॉट’ या भेंडीच्या रानटी बहिणीशी केला. रानटी बाजूची रोगाशी झुंजण्याची ताकद हवी, पण तिचा राठपणा नको. म्हणून पिढ्यान् पिढ्या निवड करत जावं लागलं. त्यातून आली ‘परभणी क्रांती’. एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी १९८६ मध्ये ‘हॉर्टसायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात तिची नोंद केली. म्हणजे आपल्या ताटातल्या भाजीचे आई-बाप कोण, हे छापून ठेवलेलं आहे!

मग मावशींच्या पुडीतली क्रांतीच होती का? नाव सांगून ते कळत नाही. भेंडीचं फूल बहुतेक वेळा स्वतःच फळतं, पण मधमाशा शेजारच्या वाफ्यातला परागही आणून टाकतात. शेजारी दुसरी भेंडी असेल तर तीन-चार वर्षांत नाव तेच राहतं आणि आत भलतंच मिसळलेलं असतं. म्हणून प्रमाणित बियाण्याच्या शेतापासून दुसरी भेंडी किमान २०० मीटर लांब ठेवण्याचा नियम आहे.

समुद्री मत्स्यालयाची हौस असलेल्या लोकांचंही असंच चालतं. ते प्रवाळाचा तुकडा तोडून दुसऱ्या टाकीत वाढवतात, त्याला झोकदार नाव देतात आणि ‘कुणाच्या टाकीतला?’ हे आवर्जून विचारतात. तुकडा मूळ प्रवाळासारखाच वाढतो, तरी एकाच प्रवाळाला चार नावं पडतात. बियाण्यात तर दर पिढीला बदलायची मुभा. मग आपण किती जास्त विचारायला हवं!

विचारायचं कसं? पिशवीचा टॅग बघा. पैदासकार बियाण्याला पिवळा, त्यापासूनच्या पायाभूत बियाण्याला पांढरा, त्यापासूनच्या प्रमाणित बियाण्याला निळा. ही बियाण्याची वंशावळच आहे. सुट्या पुडीला टॅग नसतो, तिथे विकणारीचा शब्द हाच टॅग.

घरचं बी धरायचं असेल तर भाजी तोडायच्या आधीच चांगली, निरोगी झाडं हेरून त्यांना चिंधी बांधा. त्यांच्या शेंगा झाडावरच वाळू द्या. हायब्रीडचं बी मात्र धरू नका, पुढची पिढी एकसारखी येत नाही. आणि हो, बी धरणं, देणं-घेणं, अगदी विकणंसुद्धा २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकायला तेवढी मनाई.

एक गोष्ट मात्र खरी. नाव म्हणजे कवच नव्हे. पुढे काही भागांत परभणी क्रांतीवरही हळद्या दिसू लागला, कारण विषाणूही बदलत राहतो. म्हणून रोगट झाड दिसताच उपटा, त्याचं बी कधी ठेवू नका.

खुरपणी, तोडणी, बी वाळवून राखेत ठेवणं, ही कामं बहुतेक घरी बाईच करते. मग नोंदही तिनंच का ठेवू नये? पुरचुंडीत एक चिठ्ठी टाका: वाण कोणता, कुणाकडून आला, कोणत्या वर्षी धरला. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा. पुढच्या मृगाला शेजारीण बी मागायला आली, तर मूठभर बियांबरोबर ती चिठ्ठीही द्या.