मागचा ब्रेक किंचाळतोय? आधी कारण शोधा, मग बिल करा

आजचा विषय गॅरेजवाल्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे गॅरेज नाही, फक्त गाडी आहे, त्यांनीही वाचा. मिस्त्रीला काय विचारायचं ते कळेल.

तुमचं गॅरेज गोंदियात असो, तिरोड्यात, आमगावात किंवा देवरीत, ही तक्रार येतेच: "भाऊ, मागचा ब्रेक दाबला की चीं करते, जरा बघ ना." आपल्याकडे गाडीचा वापरच तसा आहे. रोवणीच्या दिवसांत ती चिखलातून बांधीपर्यंत जाते. धान निघालं की त्याच गाडीच्या मागे कट्टा बांधला जातो. ड्रममध्ये पाणी आणि बारीक माती शिरते, आणि वजनामुळे मागच्या ब्रेकवर पायही जास्त पडतो.

आता काही ठिकाणी काय करतात? ड्रममध्ये थोडं ऑइल सोडतात. आवाज बंद, गिऱ्हाईक खूश! पण बघा, ब्रेक चालतो तो घासण्यावर. तिथे ऑइल गेलं की आवाजासोबत ब्रेकही गेला. त्या गाडीवर मागे बायको आणि टाकीवर पोरगं बसलेलं असतं. म्हणून हा पहिला नियम लिहून ठेवा: लायनरला आणि ड्रमला ऑइल किंवा ग्रीस कधीच नाही.

आधी तीन प्रश्न विचारा

चक्का खोलण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा:

1. आवाज फक्त सकाळी येतो की दिवसभर? रात्रभर भिजलेल्या गाडीच्या ड्रमवर हलका गंज धरतो. दोन-चार वेळा ब्रेक मारल्यावर आवाज जात असेल, तर बहुतेक वेळा काही बदलायची गरज नसते. तसं सरळ सांगा.
2. आवाज 'चीं' आहे की 'खर्रर्र'? चीं म्हणजे बहुधा धूळ किंवा काचेसारखा गुळगुळीत झालेला लायनर. खर्रर्र म्हणजे लायनर संपून लोखंड लोखंडावर घासत असू शकतं. ती गाडी तशीच परत पाठवू नका.
3. ब्रेक न दाबताही आवाज येतो का? येत असेल तर ब्रेक जाम आहे का, ॲडजस्टमेंट जास्त टाइट आहे का, बेअरिंग किंवा चेनचा आवाज आहे का, ते आधी तपासा.

काम कसं करायचं

बऱ्याच गाड्यांत ब्रेक प्लेटवर बाण आणि खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला टेकला, तर शू संपले. चक्का न खोलता हे गिऱ्हाइकाला दाखवता येतं.

चक्का काढल्यावर ड्रममध्ये फुंकर मारू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ती धूळ फुप्फुसात जाते. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून कापडाने पुसा.

लायनर जाड आहे पण चकाकतोय? पॉलिश पेपरने वरची चकाकी काढा, ड्रमही हलका घासा. लायनर ऑइलने भिजलाय? मग घासून उपयोग नाही. शूची जोडी बदला आणि ऑइल कुठून आलं ते शोधा. चेनला मारलेलं ऑइल उडालं असेल किंवा बेअरिंगचं ग्रीस सुटलं असेल. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. तेवढा झिजला असेल, तर नवीन शू टाकून भागणार नाही. स्प्रिंग ढिल्या झाल्या असतील तर त्याही बदला.

ब्रेकचा कॅम काढून साफ करा. इथे ग्रीस लागतं, पण अगदी थोडं आणि उष्णता सहन करणारं. बसवताना ॲक्सलचा नट पूर्ण आवळण्याआधी पेडल दाबून धरा. शू ड्रममध्ये मधोमध बसतात. मग नट आवळा. टॉर्क आर्मचा नट आणि कॉटर पिन विसरू नका. पेडलचा प्ले कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा, ब्रेक लाइट बघा, आणि ट्रायल मारल्याशिवाय गाडी देऊ नका.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसच्या गाडीत मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही लागतो. तिथे अंदाजाने नट फिरवू नका.

आता पैशाचं बोलू

"एवढ्याशा आवाजाचे काय पैसे घ्यायचे?" हा विचारच गॅरेज मागे ठेवतो. हिशोब करा. समजा भाडं, वीज, पोरग्याचा पगार आणि तुमचा घरखर्च मिळून महिन्याला 30,000 रुपये लागतात. महिन्यात 25 दिवस, रोज खरं हातातलं काम 6 तास, म्हणजे 150 तास. तुमचा एक तास 200 रुपयांचा झाला. या कामाला पाऊण तास लागला तर मजुरी 150 रुपये. शूचे पैसे वेगळे, पाकिटावर छापलेल्या किमतीप्रमाणे. तुमचे आकडे टाकून तुमचा दर काढा.

गिऱ्हाईक हे पैसे देईल का? देईल, जर त्याला दिसलं तर. जुने शू फेकू नका, त्याच्या हातात द्या. नवीन शू शेजारी ठेवा. तो स्वतःच म्हणेल, "बापरे, एवढे घासले होते!" आणि हेही सांगा की नवीन शू बसेपर्यंत सुरुवातीला ब्रेक थोडा कमी लागेल, गाडी जपून चालवा. हे आधी सांगितलं तर ती माहिती असते. तो तक्रार घेऊन आल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

या आठवड्याचं काम

एक वही करा. ब्रेकची प्रत्येक गाडी लिहा: तारीख, कारण, काय केलं, किती घेतले, आणि तीच तक्रार घेऊन गाडी परत आली का. परत आलेली गाडी तुम्ही फुकट करता, म्हणजे तो तास तुमच्या खिशातून जातो. महिन्याभराने वही उघडा. ज्या कारणासमोर परत आलेल्या गाड्या जास्त, ते काम आधी सुधारा.

वहीत काय निघालं ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात चेन-स्प्रॉकेटचा हिशोब करू.