‘यवन’ शब्दाचे मूळ

कार्ले व जुन्नर येथील लेण्यांच्या दानलेखांत ‘यवन’ दाते आढळतात. नाशिकच्या लेखात इंद्राग्निदत्तास ‘योणक’ म्हटले आहे. या नावाचे मूळ ग्रीकांच्या आयोनियन शाखेच्या ‘इआवोनेस’ या प्राचीन नावात आहे. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील ही शाखा पूर्वेकडील लोकांच्या विशेष परिचयाची असल्यामुळे तिचे नाव सर्वच ग्रीकांस मिळाले. हिब्रूत त्याचे ‘यावान’ झाले, प्राचीन पारसिकात ‘यौन’.

अशोकाच्या शिलालेखांत ‘योन’ आहे. ‘लवण’चे ‘लोण’ होते, त्याच न्यायाने ‘यवन’चे ‘योन’ झाले असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु पारसिक ‘यौन’ पाहता उलट क्रमही संभवतो : आधी ‘योन’, मग त्याचे संस्कृतीकरण ‘यवन’. मात्र पाणिनीच्या सूत्रात (४.१.४९) ‘यवन’ असल्याने ते अशोकपूर्वच मानावे लागते.

कार्ल्याच्या ‘सिहधय’ (सिंहध्वज) या यवनाचे नाव भारतीय आहे. जुन्नरच्या ‘इरिल’चे तसे दिसत नाही. तेव्हा केवळ नावावरून दात्याचा वंश ठरविता येत नाही. पुढे मराठीत ‘यवन’ म्हणजे मुसलमान हा अर्थ रूढ झाला. इस्लामच्या उदयापूर्वी कोरलेल्या या लेखांस तो लावणे सर्वथा अनुचित होय.