दोन मुठी वर, ईशान्येला

2 एप्रिल 2022. पाडव्याचा दिवस. संध्याकाळी गुढ्या उतरल्या, आणि पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशात लोक आभाळाकडे बघत उभे राहिले. पेटत्या ठिपक्यांचा एक पुंजका मागे लांब शेपट्या ओढत पूर्वेकडे निघाला होता. कुणाला उल्का वाटली, कुणाला क्षेपणास्त्र.

रात्री असलं काही दिसलं की ते शेजारच्याच शिवारात पडलं, असं हमखास वाटतं. अंधाऱ्या आभाळात मापाला झाड नाही, घर नाही. डोळा अंतर सांगणार कशावरून? हिमायतनगर गावातल्या गच्चीवरून, जिथे त्या रात्री तुकडा पडला ते सिंदेवाही सरळ रेषेत दोनशे किलोमीटरवर. तिथे डोक्यावर 80 किलोमीटर उंचीवर काही जळत असेल, तर हिमायतनगरकरांना ते ईशान्येला, क्षितिजापासून सुमारे 21 अंशांवर दिसेल. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. म्हणजे दोन मुठी, बस्स. आणि इतक्या उंचीवरचा जाळ हजारेक किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. तीन राज्यं एकदम बघत होती, त्यात नवल नाही.

म्हणून ‘केवढा मोठा होता’ यापेक्षा मला दोन उत्तरं मोलाची वाटतात: गावातल्या परमेश्वर मंदिराच्या कळसाच्या कोणत्या बाजूला दिसला, आणि किती वेळ? दोन गावांतून अशा दिशा आणि कोन मिळाले की उंची काढता येते. 1798 मध्ये ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या जर्मन विद्यार्थ्यांनी उल्कांची उंची याच युक्तीने मोजली होती.

वेळ तर अर्धा निकालच देते. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर धावते, दोन-चार सेकंदांत खेळ संपतो. कक्षेतून खाली येणारं यंत्र सात-आठ किलोमीटरच्या वेगाने, जवळजवळ आडवं शिरतं. तुकडे होत होत मिनिटभरही जळतं. स्टारलिंक उपग्रहांची माळ ओळखायला त्याहून सोपी: शेपूट नाही, जाळ नाही, नुसतं उन्हाचं परावर्तन.

पाडव्याचा जाळ मिनिटाच्या हिशेबातला. त्याच दिवशी न्यूझीलंडहून एक रॉकेट उडालं होतं, म्हणून आधी संशय त्याच्यावर गेला. पण अवकाशातल्या भंगाराचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी बोट ठेवलं फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी चांग झेंग 3बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यावर. लांबट कक्षेत तो वर्षभर फिरत होता. पृथ्वीजवळून जाताना विरळ हवा दर फेरीला त्याचा वेग थोडा थोडा खात होती.

सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत मात्र त्यातलं काही खरंच पडलं. धातूचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं. पोलिसांनी ते ताब्यात घेतलं, पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन बघून गेले. रॉकेटमध्ये दाबाखाली वायू भरून ठेवायच्या, बाहेरून धागे गुंडाळलेल्या गोल टाक्या असतात. त्या सहसा जळून संपत नाहीत. तसले काळपट गोळे आसपासच्या गावांत पुढचे काही दिवस सापडत राहिले.