खेळायचे नाही, असे ठरवल्यावर

डेव्हिस कप टेनिस स्पर्धेचा १९७४ सालचा अंतिम सामना झालाच नाही. अमृतराज बंधूंच्या भारतीय संघाने कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला आणि पुण्यात सोव्हिएत संघाला हरवले होते. आता गाठ होती दक्षिण आफ्रिकेशी. वर्णभेद हेच राज्याचे धोरण असलेल्या देशाशी खेळायचे नाही, असे भारताने ठरवले. दक्षिण आफ्रिकेला पुढे चाल मिळाली आणि करंडकही. भारताची ही भूमिका नवी नव्हती. तिथल्या भारतीयांवर लादलेल्या निर्बंधांमुळे १९४६ सालीच त्या देशाशी व्यापार थांबवण्यात आला होता.

दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या समाजाचा जीव रग्बी आणि क्रिकेटमध्ये अडकलेला होता. व्यापारबंदीची झळ घरापर्यंत पोचायला वेळ लागतो. दौरा रद्द झाला की ती त्याच दिवशी लागते. बेसिल डॉलिव्हेरा हा केपटाउनचा अष्टपैलू खेळाडू. वर्णामुळे मायदेशाच्या संघात जागा नाही, म्हणून तो इंग्लंडला गेला आणि त्या देशाकडून खेळू लागला. १९६८ साली ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा काढूनही दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी त्याची निवड झाली नाही. इंग्लंडमध्ये गदारोळ उठला. पुढे टॉम कार्टराइटने दुखापतीमुळे माघार घेतल्यावर त्याला संघात घेतले, तर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी असा संघ चालणार नाही असे बजावले. दौरा बारगळला. १९७० साली ऑलिंपिक समितीने दक्षिण आफ्रिकेची हकालपट्टी केली. कसोटी क्रिकेटचे दरवाजेही त्याच वर्षापासून बंद झाले. बॅरी रिचर्ड्ससारख्या अव्वल फलंदाजाच्या वाट्याला जेमतेम चार कसोटी आल्या.

१९७६ साली सोवेटोत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवसांतच न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. म्हणून न्यूझीलंडला माँट्रियल ऑलिंपिकमधून वगळा, अशी मागणी आफ्रिकी देशांनी केली. रग्बी हा ऑलिंपिकमधला खेळच नाही, असे उत्तर मिळाल्यावर पंचवीसहून अधिक देश स्पर्धेबाहेर राहिले. १५०० मीटरचा विश्वविक्रमवीर, टांझानियाचा फिल्बर्ट बायी धावलाच नाही. त्या शर्यतीचे सुवर्णपदक मिळाले न्यूझीलंडच्या जॉन वॉकरला.

वर्णभेद संपला तो मुख्यतः तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यामुळे. बहिष्काराने त्याला बाहेरून बळ दिले. वर्णभेदाचे प्रमुख कायदे रद्द झाल्यावर नोव्हेंबर १९९१ मध्ये क्लाइव्ह राइसचा दक्षिण आफ्रिकी क्रिकेट संघ कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उतरला. पुढच्या वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्येही दक्षिण आफ्रिका परतली.

मॉस्कोची गोष्ट निराळी. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत लष्करी कारवाईच्या निषेधार्थ अमेरिकेच्या पुढाकाराने अनेक देशांनी १९८० च्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. भारत गेला आणि हॉकीचे सुवर्णपदक घेऊन आला. चार वर्षांनी सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिसकडे पाठ फिरवून उट्टे काढले. दक्षिण आफ्रिकेची कोंडी दोन दशके अनेक खेळांत चालली. मॉस्कोवरचा बहिष्कार एका स्पर्धेपुरता होता. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात आणखी नऊ वर्षे राहिल्या.