जाळीचे दार आणि पाण्याचा मारा

पावसाळा सरून दिवाळीची झाडलोट घरोघर सुरू झाली, की वर्षभर ज्यांच्याकडे कोणाची नजर वळलेली नसते अशा वस्तूंची एकदम झडती सुरू होते, आणि त्यांत डासांसाठी बसवलेल्या जाळीच्या दाराचा क्रमांक बराच वरचा लागतो. ज्या घरात मोटार धुण्याच्या निमित्ताने प्रेशर वॉशर येऊन पडलेला असतो, तेथे तोच या दारावर चालवून पाच मिनिटांत काम उरकावे, असा विचार घरातील कर्त्या पुरुषाच्या मनात हटकून येतो. हा विचार सर्वस्वी गैर आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु यंत्राचे सामर्थ्य आणि जाळीची प्रकृती यांचा मेळ न घालता गनचा घोडा दाबणे मात्र निश्चितच गैर आहे.

जाळी ही शोभेची वस्तू नव्हे. डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेस पाहिले, आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी सॅम्बन व लो या दोन डॉक्टरांनी रोमनजीकच्या दलदलीच्या, हिवतापासाठी कुप्रसिद्ध अशा मुलुखात, दारेखिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या एका लाकडी झोपडीत ऐन तापाचा हंगाम काढून, जाळीआड राहणाऱ्यास हिवताप होत नाही हे स्वतःच्या देहावर सिद्ध करून दाखविले. आपल्याकडे पावसाळ्यानंतरचे दिवस डेंग्यूचे, आणि तो पसरवणारा डास तर दिवसाढवळ्या चावणारा. तेव्हा नेमक्या याच दिवसांत साफसफाईच्या उत्साहात जाळीला भोक पाडून ठेवणे किंवा ती चौकटीतून सैल करून ठेवणे म्हणजे बंदोबस्ताचा शिपाईच रजेवर पाठविण्यासारखे आहे.

आता दाबाचा हिशेब पाहू. गच्चीवरील टाकीतले पाणी नळाच्या १० मीटर वर असेल, तर त्या नळास मिळणारा दाब सुमारे १ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अंदाजे १ किलो, इतका असतो. घरगुती प्रेशर वॉशर मात्र बहुधा १०० ते १३० बारचा असतो. त्याच्या समोर आपण जी जाळी धरतो, ती साधारणतः काचतंतूंची, वरून पीव्हीसीचे लेपण असलेली, आणि इंचाला १८ बाय १६ धाग्यांची अशी असते. ती चौकटीला खिळ्याने किंवा स्क्रूने जखडलेली नसून, ॲल्युमिनियमच्या खाचेत दाबून बसवलेल्या एका रबरी दोरीच्या केवळ आधारावर ताणलेली असते. पाण्याचा झोत अगदी जवळून लागला, की प्रथम लेपण सोलवटते, मग धागे आपली जागा सोडून एका बाजूस सरकतात, आणि पुष्कळदा याही आधी ते रबर खाचेतून निसटून जाळी पोटात आल्यासारखी लोंबू लागते. पोलादी जाळी धाग्याने दणकट असली, तरी तिचेही रबर तेच असल्यामुळे तिला या बाबतीत काही विशेष सवलत मिळत नाही.

शिवाय ज्या मळासाठी हा सारा खटाटोप, त्याची जातच निराळी. स्वयंपाकघराकडच्या जाळीवर बसतो तो फोडणीच्या वाफेचा चिकट थर आणि त्यात रुतलेली धूळ. तो जोराने नव्हे तर साबणाने सुटतो. पाण्याचा बराचसा झोत छिद्रांतून आरपार निघून जातो, आणि उरलेला धाग्यांना तेवढा झोडपतो. म्हणून माझ्या मते जाळीपुरते या यंत्राचे काम केवळ अखेरच्या विसळणीचे आहे; त्याचा खरा पराक्रम दाखवायला खालचा रूळ, चौकटीचे कोपरे आणि उंबऱ्याची फरशी ही योग्य स्थळे आहेत.

रीत साधी आहे. सरकती जाळी असेल तर ती वर उचलून रुळातून काढावी आणि अंगणात किंवा गच्चीवर भिंतीशी तिरकी टेकवून ठेवावी. उंच इमारतीच्या गॅलरीत हा उद्योग केल्यास खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या कपड्यांचा जाबजबाब पुढे सोसायटीच्या सभेत द्यावा लागतो. प्रथम कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, कारण कोरडी धूळ भिजली की तिचा चिखल होऊन छिद्रांत बसतो. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण कालवून दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासावे आणि काही वेळ तसेच राहू द्यावे. तारेचा ब्रश अजिबात नको, आणि संडास साफ करण्याचे आम्लही नको. ते ॲल्युमिनियमला खाते. त्यानंतर यंत्राला सर्वांत रुंद फवाऱ्याचे नोझल लावावे. रंगांची खूण असलेल्या संचात पांढरे ४० अंशांचे असते, हिरवे २५ चे, पिवळे १५ चे. तांबडे, म्हणजे शून्य अंशांचे, आणि गरगर फिरणारे टर्बो नोझल या कामासाठी डब्यातून बाहेरही काढू नये. चारपाच फूट लांब उभे राहून, ज्या बाजूने रबर दिसते त्या बाजूने, झोत तिरका ठेवून वरून खाली सावकाश फिरवावा, म्हणजे पाण्याचा रेटा जाळीला खाचेतून बाहेर ओढीत नाही. पाणी बोअरचे किंवा टँकरचे जड असेल, तर विसळल्यावर लगेच कोरड्या कापडाने टिपावे. अन्यथा क्षारांचे पांढरे डाग मळापेक्षाही अधिक चिवटपणे ठाण मांडतात.

जुन्या वाड्यांतील आणि चाळींतील लाकडी चौकटींचा प्रश्न वेगळा. त्यांवरील तैलरंगाच्या जुन्या थरांत शिसे असण्याचा संभव मोठा, कारण घरगुती रंगांतील शिशाला दशलक्षांत ९० भागांची कायदेशीर मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरापासून लागू झाली. अशा पोपडे धरलेल्या रंगावर दाबाचे पाणी मारणे म्हणजे शिशाच्या कपच्या अंगणभर, मुलांच्या खेळण्याच्या जागेत, उडवून देणे होय. तेथे ओला फडकाच बरा.

आणि यंत्र हाताळणाऱ्याच्या देहाविषयी. हा झोत कातडी भेदून आत शिरू शकतो, आणि तशी जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी आत पाण्याबरोबर घाण खोलवर गेलेली असते. अशा वेळी हळद लावून वाट पाहत न बसता तडक इस्पितळ गाठावे आणि जखम दाबाच्या पाण्याने झाली हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चपलेऐवजी बूट, डोळ्यांना चष्मा, पोरे आणि कुत्री लांब, आणि जाळी दुसऱ्याने हाताने धरून ठेवण्यास सक्त मनाई. शिडीवर चढून गन चालवू नये. तिचा उलट धक्का तोल घालविण्यास पुरेसा असतो. विजेचे कनेक्शन अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागून घ्यावे, आणि वायरचा जोड ओल्या फरशीवर लोळू देऊ नये. काम संपल्यावर बटण बंद करून, नळ बंद करून, गनचा घोडा पुन्हा एकदा दाबून नळीत कोंडलेला दाब सोडून द्यावा. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात, आणि मग बंद म्हणून ठेवलेली गन कोणाच्या तरी पायावर सुटते.

जाळी वाळली की ती उजेडासमोर धरून रबराच्या कडेने बोट फिरवावे. बोटाला भुकटी लागली तर लेपण संपले, आणि ती जाळी धुण्याची नव्हे, बदलण्याची झाली. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारा कोणताही कारागीर जुने रबर उपसून नवी जाळी थोड्याच वेळात ताणून देतो. येताना नवे रबरही घेऊन ये, असे मात्र त्याला फोनवरच बजावून ठेवावे.